घरच्या राउटरचे फर्मवेअर अद्ययावत करण्याची निर्धोक रीत
(सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांकरिता)

शेतीच्या कामात इंटरनेटचा शिरकाव अलीकडच्या काळात फार वेगाने झाला आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, ई-पीक पाहणीची नोंद, अनुदानाचा अर्ज, पीकविम्याची पावती, बाजारभाव आणि हवामानाचा अंदाज या सर्व गोष्टी आता शेतकऱ्यास घरबसल्या मिळतात. तासगाव, मिरज व कवठेमहांकाळ तालुक्यांतील द्राक्ष बागायतदार बागेतील हवामान यंत्राच्या नोंदी मोबाइलवर पाहून फवारणीचा निर्णय घेतात. वाळवा, पलूस व कराड या ऊसपट्ट्यातील कित्येक मळ्यांत ठिबक संच व मोटारी दूरनियंत्रणाने चालू-बंद केल्या जातात. वाडीवस्तीवरील घरातही आता भिंतीवर लहानसे राउटर टांगलेले दिसते.

राउटर घरात आले की ते वर्षानुवर्षे तसेच राहते. त्यावर धूळ साचते, जाळी धरते. परंतु दिवे लुकलुकत आहेत तोवर त्याकडे कोणी पाहत नाही. विहिरीवरील पंपाचे तेलपाणी आपण वेळच्या वेळी करतो, औताचा फाळ झिजला तर तो शेवटवून घेतो. राउटरलाही अशीच एक निगा लागते. त्याच्या आत बसविलेली आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात, ती अधूनमधून नवी करावी लागते. हे काम न केल्यास एका प्रकारचे नुकसान होते आणि निष्काळजीपणे केल्यास दुसऱ्या प्रकारचे. ही दोन्ही नुकसाने टाळून हे काम कसे करावे, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

राउटर व फर्मवेअर म्हणजे काय?

बाहेरून तारेने किंवा फायबरने आलेले इंटरनेट घरातील निरनिराळ्या उपकरणांस वाटून देणारे यंत्र म्हणजे राउटर होय. कालव्याच्या पाण्याची जशी दारे धरून वाटणी केली जाते, तसे हे यंत्र कोणती माहिती कोणत्या मोबाइलकडे जावी, हे ठरविते. याशिवाय त्याच्याकडे राखणदाराचेही काम असते. बाहेरून बोलावल्यावाचून येणाऱ्यास ते दारातच अडविते.

हे काम कसे करावयाचे याच्या सूचना यंत्रातील फ्लॅश नावाच्या स्मरणचिपेत लिहिलेल्या असतात. वीज गेली तरी त्या पुसल्या जात नाहीत. या सूचनांचा संच म्हणजेच फर्मवेअर. त्यात मागाहून दोष आढळतात. कोठे दाराची कडी नीट लागत नाही, तर कोठे मागील भिंतीत फट राहिलेली असते. असे दोष कळल्यावर कारखानदार कंपनी ते दुरुस्त करून फर्मवेअरची नवी आवृत्ती प्रसिद्ध करते. ही आवृत्ती यंत्रात भरणे म्हणजे फर्मवेअर अद्ययावत करणे होय.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंपनीने दुरुस्ती प्रसिद्ध केली, की मूळ दोष कोठे होता हे वाईट हेतूच्या लोकांसही समजते. त्यामुळे दुरुस्ती निघाल्यानंतर जुन्याच फर्मवेअरवर चालणारे राउटर पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात येते.

जुने फर्मवेअर ठेवल्याने होणारे नुकसान

आपल्या खेड्यातील लहानशा यंत्राकडे कोण कशाला लक्ष देईल, असा प्रश्न सहज मनात येतो. परंतु हे हल्ले माणूस घर निवडून करीत नाही. स्वयंचलित आज्ञावल्या जगातील सर्व पत्ते एकामागून एक ठोठावीत जातात आणि जेथे दार उघडे सापडेल तेथे शिरतात. पीक कोणाचे आहे हे टोळधाड जसे पाहत नाही, तसेच हे आहे.

याची उदाहरणे अलीकडची आहेत. २०१६ साली ‘मिराई’ नावाची घातक आज्ञावली पसरली. कारखान्यातून आलेले नाव व परवलीचा शब्द न बदललेली राउटरे व कॅमेरे तिने मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात तिच्याच एका प्रकाराने जर्मनीतील सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी विस्कळीत झाली. २०१७ च्या जुलै महिन्यात आपल्या देशात भारत संचार निगमच्या ब्रॉडबँड मोडेमांवर असाच हल्ला झाला. मूळचा परवलीचा शब्द तसाच ठेवलेली उपकरणे त्यात सापडली आणि ग्राहकांनी तो शब्द बदलावा असे निगमास सांगावे लागले. २०१८ च्या मे महिन्यात ‘व्हीपीएनफिल्टर’ नावाच्या आज्ञावलीने ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणे बाधित केल्याचे उघडकीस आले. २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने, ज्या जुन्या राउटरांना कंपनीकडून दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे त्यांचा वापर गुन्हेगार करीत असल्याचा इशारा दिला.

बाधित राउटरमुळे शेतकरी कुटुंबाचे नुकसान मुख्यतः तीन प्रकारे होऊ शकते.

पहिला प्रकार चुकीच्या वाटेचा. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी जी व्यवस्था असते तिला डीएनएस म्हणतात. राउटरमध्ये शिरलेला माणूस ही व्यवस्था बदलू शकतो. मग आपण बँकेचे नाव बरोबर लिहिले तरी समोर हुबेहूब दिसणारे बनावट पान येण्याचा संभव असतो. अशा वेळी मोबाइल अथवा संगणक बहुधा ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. घाईने तो इशारा ओलांडून जाणारे फसतात.

दुसरा प्रकार आपल्या नावाच्या गैरवापराचा. बाधित राउटरमधून गुन्हेगार आपली कृत्ये करतात आणि माग काढता येतो तो आपल्या जोडणीपर्यंत. जोडणी ज्याच्या नावावर, चौकशीचा पहिला त्रास त्याला.

तिसरा प्रकार मळ्यातील उपकरणांचा. मोटारीचे नियंत्रक, ठिबकचा संच व गोठ्यातील कॅमेरा हे सर्व त्याच राउटरला जोडलेले असतात. दारच मोकळे झाले की यांच्यापर्यंत पोचणे अवघड राहत नाही.

निष्काळजीपणाने होणारे नुकसान

फर्मवेअर भरताना यंत्र आपल्या चिपेतील जुन्या सूचना पुसून त्यांच्या जागी नव्या लिहिते. हे काम बहुधा दोन ते पाच मिनिटांत आटोपते. तेवढ्या अवधीत वीज गेली किंवा कोणी पिन काढली, तर जुन्या सूचना पुसल्या गेलेल्या आणि नव्या अर्धवट लिहिलेल्या, अशी स्थिती होते. काही नव्या यंत्रांत जुन्या आवृत्तीची एक प्रत राखून ठेवलेली असते, त्यामुळे ती सावरतात. पुष्कळ स्वस्त यंत्रांत ही सोय नसते आणि ती निकामी होतात.

दुसरे कारण म्हणजे चुकीची फाइल. एकाच नावाच्या राउटरचे व्ही १, व्ही २, व्ही ३ असे उपप्रकार असतात. बाहेरून ते सारखे दिसतात, परंतु आतील चिपा निराळ्या असतात. एकाची फाइल दुसऱ्यात भरणे म्हणजे एका बनावटीच्या इंजिनाचा सुटा भाग दुसऱ्यात ठोकून बसविण्यासारखे आहे.

हे दोन्ही अपघात पूर्वतयारीने टळतात. म्हणून भीतीपोटी फर्मवेअर जुनेच ठेवणे शहाणपणाचे नाही.

प्रथम पाहावे की यंत्र कोणाचे

खेड्यापाड्यांतील फायबर जोडणीत भिंतीवर बसविलेले यंत्र पुष्कळदा इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या किंवा स्थानिक केबलचालकाच्या मालकीचे असते. त्याचे फर्मवेअर ती कंपनी आपल्या केंद्रातूनच बदलते. अशा यंत्रात ग्राहकाने स्वतः फाइल भरू नये. जोडणी बंद पडण्याचा संभव असतो आणि दुरुस्तीचा खर्चही ग्राहकावर येऊ शकतो. अशा कुटुंबांनी पुरवठादारास विचारावे, की आमच्या यंत्राचे फर्मवेअर शेवटचे केव्हा बदलले आणि या यंत्राला पुढेही दुरुस्त्या मिळणार आहेत काय. उत्तर समाधानकारक नसल्यास नव्या यंत्राची मागणी करावी. पैसे देणारा ग्राहक हे विचारण्यास पूर्ण हक्कदार आहे.

बाजारातून स्वतः विकत घेतलेल्या राउटरची निगा मात्र मालकानेच राखावयाची असते. पुढील कृती अशा यंत्राकरिता आहे.

वेळ व वीज

या कामाचे निम्मे यश योग्य वेळ निवडण्यात आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत पश्चिमेची व पूर्वेची परिस्थिती भिन्न असल्याने तिचा वेगवेगळा विचार करणे इष्ट ठरेल.

महाबळेश्वर येथे वर्षाला सरासरी ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जावळी, पाटण व शिराळा या तालुक्यांच्या डोंगराळ भागांतही पावसाळ्यात झाडे व फांद्या तारांवर पडून वीज कोणत्याही क्षणी जाते. या भागातील कुटुंबांनी जून ते सप्टेंबर या काळात, बॅटरीची सोय नसल्यास, हे काम हाती घेऊ नये.

माण, खटाव, आटपाडी व जत हा पूर्वेकडील भाग कमी पावसाचा. तेथील धोका उन्हाळ्याच्या अखेरीचा असतो. दुपारपर्यंत कडक ऊन आणि तिसऱ्या प्रहरी विजांसह वळीव, असा एप्रिल-मे महिन्यांतील क्रम असतो. घरगुती राउटरे साधारणतः ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानाकरिता बनविलेली असतात. पत्र्याच्या घरात दुपारी हा आकडा सहज ओलांडला जातो. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी करावे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप जवळपास विजा पडण्याची शक्यता असल्यास सूचना देते. काम सुरू करण्यापूर्वी ते पाहावे. विजा चमकत असतील तर फर्मवेअर बदलणे तर दूरच, राउटरची पिन काढून ठेवणे हिताचे.

मळ्यातील वस्तीवर आणखी एक दक्षता घ्यावी लागते. शेतीपंपाच्या वाहिनीवर थ्री-फेज वीज ठरावीक तासांपुरतीच येते आणि तिची पाळी बदलत असते. पाळी बदलताना घरची वीज क्षणभर जाते किंवा दाब कमी-जास्त होतो. तसेच शेजारची मोठी मोटार सुरू होताना दिवे मंदावतात, हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून पाळी बदलण्याच्या वेळेच्या अलीकडे-पलीकडे अर्धा तास सोडावा आणि देखभालीकरिता वीज बंद राहण्याचा वार टाळावा.

घरात इन्व्हर्टर असल्यास राउटर त्यावर जोडावे. नसल्यास राउटरकरिता मिळणारा लहान यूपीएस घ्यावा. पुष्कळ राउटरे १२ व्होल्टवर चालतात व त्यांना दिव्याइतकीच वीज लागते. तरीही यूपीएस घेताना आपल्या राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट व अँपिअर पाहूनच घ्यावा. व्होल्ट जुळले नाहीत तर यंत्र जळेल.

एवढी व्यवस्था झाली तरी तिची परीक्षा घेतल्यावाचून तिजवर विसंबू नये. ही परीक्षा सोपी आहे. राउटर चालू असताना घराचा मुख्य खटका बंद करावा आणि राउटरच्या दिव्यांकडे पाहावे. दिवे अखंड राहिले तर व्यवस्था विश्वसनीय समजावी. ते एकदा विझून पुन्हा लागले, तर इन्व्हर्टर भार उचलण्यास विलंब लावतो असे ठरते आणि त्याच्या भरवशावर काम करणे योग्य नव्हे.

प्रत्यक्ष कृती

१. लेबल वाचावे. राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलावर कंपनीचे नाव, मॉडेल क्रमांक व हार्डवेअरची आवृत्ती छापलेली असते. मोबाइलने तिचे छायाचित्र घ्यावे किंवा वहीत अक्षरशः उतरून ठेवावे.

२. सध्याची आवृत्ती पाहावी. राउटरला जोडलेल्या संगणकावरील ब्राउझरमध्ये लेबलावर दिलेला पत्ता लिहावा. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो व इंग्रजी अंकांत लिहावयाचा असतो. नाव व परवलीचा शब्द दिल्यावर राउटरचे पान उघडते. त्यावर फर्मवेअरची आवृत्ती व तारीख सापडते. ती टिपून ठेवावी.

३. फाइल केवळ कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावी. तेथे भारताचे पान निवडावे, कारण देशपरत्वे रेडिओ लहरींचे नियम निराळे असतात. मॉडेल व हार्डवेअर आवृत्ती दोन्ही जुळवावीत. शोधयंत्राने दाखविलेल्या कोणत्याही तिऱ्हाईत ठिकाणाहून, व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून किंवा चित्रफितीखाली दिलेल्या पत्त्यावरून फाइल घेऊ नये. आपण बियाणे घेताना पिशवीवरील प्रमाणित बियाण्याची निळी खूणचिठ्ठी पाहतो. सुटे बियाणे स्वस्त मिळाले तरी घेत नाही. तोच नियम येथे पाळावा.

४. सोबतची टीप वाचावी. फार जुन्या आवृत्तीवरून एकदम शेवटच्या आवृत्तीवर जाता येत नाही, मधली एक आवृत्ती आधी भरावी लागते, अशी सूचना काही वेळा त्यात असते. काही आवृत्ती भरल्यानंतर मागे परतता येत नाही, हेही तेथे लिहिलेले असते.

५. फाइलीची पारख करावी. उतरून घेताना जोडणी तुटल्यास फाइल अपुरी राहते. काही कंपन्या फाइलीसोबत अक्षरांची व अंकांची एक लांब ओळ देतात. ही त्या फाइलीची मुद्रा होय. आपल्या संगणकावर उतरलेल्या फाइलीची मुद्रा काढून ती त्या ओळीशी ताडून पाहावी. एका अक्षराचाही फरक आढळल्यास फाइल टाकून द्यावी व पुन्हा घ्यावी. फाइल झिप स्वरूपात असल्यास ती आधी उलगडावी आणि आतील मूळ फाइलच वापरावी.

६. मांडणीची नक्कल ठेवावी. राउटरच्या पानावर ‘बॅकअप’ या नावाची सोय असते. तिच्याद्वारे सध्याची सर्व मांडणी संगणकावर साठवावी. याखेरीज वाय-फायचे नाव, त्याचा परवलीचा शब्द आणि पुरवठादाराने दिलेले जोडणीचे वापरकर्ता-नाव व शब्द कागदावर लिहून ठेवावेत. शेवटच्या दोन गोष्टी पुष्कळांजवळ नसतात, कारण जोडणी करणाऱ्या कारागिराने त्या स्वतःच भरलेल्या असतात. फर्मवेअर बदलल्यावर मांडणी पुसली गेली, तर यांच्यावाचून इंटरनेट सुरू होत नाही. त्या पुरवठादाराकडून आधीच मागून घ्याव्यात.

७. तारेने जोडावे. संगणक व राउटर यांना लॅन तारेने जोडावे आणि संगणकाचे वाय-फाय बंद ठेवावे. बिनतारी जोडणी मध्येच तुटू शकते. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी. या वेळी घरात कोणी ऑनलाइन अर्ज, परीक्षा किंवा पैशांचा व्यवहार करीत नाही याची खात्री करावी. दूरनियंत्रणाने चालणाऱ्या मोटारी त्या तासापुरत्या हाताने बंद ठेवाव्यात.

८. फाइल भरावी. राउटरच्या पानावर ‘फर्मवेअर अपग्रेड’ किंवा ‘सिस्टिम’ या सदरात फाइल निवडून आज्ञा द्यावी. यानंतर काहीही करू नये. पान बंद करू नये, पुन्हा कळ दाबू नये, पिन काढू नये. दिवे चमत्कारिक रीतीने लुकलुकतात, कधी सर्वच विझतात. त्याने घाबरू नये. यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल. किमान दहा मिनिटे शांतपणे थांबावे. मुलांना त्या खोलीत खटके दाबू देऊ नयेत.

९. खात्री करावी. पान पुन्हा उघडून नवी आवृत्ती दिसते काय, ते पाहावे. मांडणी पुसली गेली असल्यास कागदावरील नोंदींवरून भरावी. मोबाइल, कॅमेरा, हवामान यंत्र व मोटारीचे नियंत्रक एकेक जोडून पाहावेत. शेवटी त्या दिवसाची तारीख व आवृत्ती वहीत लिहावी.

काही नव्या राउटरांत फाइल हाताने घ्यावी लागत नाही. पानावरील किंवा कंपनीच्या ॲपमधील एका कळीने यंत्र स्वतःच नवी आवृत्ती शोधून भरते. अशा वेळी तिसरी, पाचवी व सातवी कृती वगळली तरी चालते, परंतु मांडणीची नोंद व विजेची व्यवस्था वगळू नये. आपोआप अद्ययावत होण्याची सोय असल्यास ती चालू ठेवणे हितावह आहे. तिची वेळ मात्र आपल्या विजेचे वेळापत्रक पाहून ठरवावी आणि राउटर कायम बॅटरीवर ठेवावे.

काम पुरे झाल्यावर

नवे फर्मवेअर भरले म्हणजे सर्व झाले असे नाही. पेरणी झाल्यावर कुंपण घालावे लागते, तसे पुढील पाच गोष्टींकडे त्याच बैठकीत लक्ष द्यावे.

राउटरचे पान उघडण्याचा मूळचा परवलीचा शब्द बदलावा. तो वाय-फायच्या शब्दाहून निराळा व लांब असावा. शेताचे नाव, गट क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक शब्द म्हणून वापरू नये. गावात तो सर्वांस ठाऊक असतो.

वाय-फायची सुरक्षा ‘डब्ल्यूपीए ३’ या प्रकारची ठेवावी. जुन्या उपकरणांस ती चालत नसल्यास ‘डब्ल्यूपीए २’ ठेवावी. त्याहून जुने प्रकार वापरू नयेत.

बाहेरून राउटर चालविण्याची सोय, जिला ‘रिमोट मॅनेजमेंट’ म्हणतात, ती बंद करावी. घरगुती वापरास तिची गरज नसते.

एका कळीने उपकरण जोडणारी ‘डब्ल्यूपीएस’ ही सोयही बंद ठेवावी.

गोठ्यातील कॅमेरा, मोटारीचे नियंत्रक व पाहुण्यांचे मोबाइल यांना ‘गेस्ट’ म्हणजे पाहुण्यांची वेगळी जोडणी द्यावी. त्यांपैकी एखादे उपकरण बाधित झाले तरी बँकेचे व्यवहार होणारा मोबाइल अलग राहतो.

यंत्र सुरू न झाल्यास

इतके करूनही राउटर सुरू झाले नाही, तर घाईने काही करू नये. प्रथम पंधरा मिनिटे वाट पाहावी. नंतर पिन काढून मिनिटभराने पुन्हा लावावी. तरीही उपयोग न झाल्यास मागील बारीक छिद्रातील ‘रिसेट’ कळ टाचणीने सुमारे दहा सेकंद दाबून धरावी. यामुळे मांडणी पुसली जाते, म्हणून वर सांगितलेली कागदावरील नोंद येथे उपयोगी पडते. कित्येक कंपन्यांनी आपल्या यंत्रांत पुनर्स्थापनेची वेगळी रीत ठेवलेली असते. ती कंपनीच्या सूचनापत्रावरूनच करावी. हमीची मुदत बाकी असल्यास यंत्र उघडू नये; पावतीसह सेवाकेंद्राकडे न्यावे. मधल्या काळात मोबाइलचे हॉटस्पॉट वापरून तातडीची कामे उरकता येतात.

ज्या राउटरकरिता कंपनीने नवी आवृत्ती काढणे थांबविले आहे, त्याला कितीही जपले तरी ते सुरक्षित राहत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर तसे जाहीर केलेले असते. असे यंत्र चालू स्थितीत असले तरी बदलावे. घुणा लागलेले जू बाहेरून धड दिसते, परंतु ओढीच्या वेळी मोडते.

फसव्या फोनांपासून सावध राहावे

‘तुमचे राउटर जुने झाले आहे, आम्ही येथून दुरुस्त करतो, मोबाइलवर आलेली फाइल उघडा’ असे सांगणारा फोन आल्यास तो तत्काळ बंद करावा. शेतकरी योजनांच्या नावाने व्हॉट्सॲपवर पाठविल्या जाणाऱ्या ‘एपीके’ फाइलींनी पुष्कळांची बँक खाती रिकामी झाली आहेत. राउटरचे फर्मवेअर मोबाइलवर एपीके उघडून बदलले जात नाही, आणि त्याकरिता कोणासही ओटीपी द्यावा लागत नाही. ही दोन वाक्ये घरातील वडीलधाऱ्यांस व मुलांस समजावून सांगावीत.

पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम थांबविण्याची शक्यता अधिक असते. केंद्र शासनाच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेमार्फत चालविल्या जाणाऱ्या ‘सायबर स्वच्छता केंद्र’ या उपक्रमात, २०१७ सालापासून, बाधित संगणक व मोबाइल स्वच्छ करण्याची साधने विनामूल्य मिळतात.

सारांश

फर्मवेअर वर्षातून निदान दोनदा तपासावे. आपल्याकडे खंडेनवमीस अवजारे धुऊन पुसून पुजण्याची चाल आहे. त्याच दिवशी राउटरवरील धूळ झटकून त्याची आवृत्ती पाहावी आणि दुसऱ्यांदा गुढीपाडव्याच्या सुमारास पाहावी, म्हणजे विसर पडणार नाही. गंभीर दोषाची वार्ता आल्यास मात्र सणाची वाट पाहू नये.

हे काम करताना चार गोष्टी कधीही सोडू नयेत : यंत्राच्या लेबलाशी तंतोतंत जुळणारी फाइल, ती कंपनीच्याच ठिकाणाहून घेतल्याची खात्री, जोडणीच्या नोंदी कागदावर, आणि खटका बंद करून परीक्षा घेतलेली वीज. या चार गोष्टी पाळल्यास अर्ध्या तासाच्या श्रमात घराचे दार पुढील सहा महिन्यांकरिता पक्के होते. ज्या घरात शिकलेली मुले आहेत, त्यांनी हे काम प्रथम आपल्या घरी करावे, आणि मग शेजारच्या वस्तीवर जाऊन तेथील वडीलधाऱ्यांसमोर करून दाखवावे. एका बांधावर नीट पाहिलेली रीत दुसऱ्या बांधावर लवकर रुजते, हा शेतीचा जुना अनुभव आहे.